टँकर दाखवणारं मशीन

पहिला दगड खिडकीतून आत आला तेव्हा निलाखे सर आणि मी भांडत होतो.

भांडण नेहमीचंच होतं. सर म्हणत होते, "मगदूम मॅडम, इतकी वर्षं संघ या एका मशीनवर चालला. तुम्ही त्याचे तुकडे करत निघालात. उद्या एक तुकडा बंद पडला की बाकीच्यांनी काय करायचं?"

"बाकीच्यांनी चालू राहायचं, सर. त्यासाठीच तर वेगळे केले."

तेवढ्यात काच फुटली. दगड टेबलावर आपटून घरंगळला आणि सरांच्या पायाशी थांबला. त्यांनी तो उचलून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला, कीबोर्डवरचा काचेचा चुरा रुमालानं झटकला आणि म्हणाले, "तर मी काय म्हणत होतो..."

दूध आंदोलनाचा तो तिसरा दिवस होता. सांगलीच्या बाजूला आमचा चंद्रभैरव दूध संघ. श्रीधर निलाखे तिथले संगणक प्रमुख. गावोगावचं संकलन, फॅटची तपासणी, टँकरच्या फेऱ्या, पावडरचा कारखाना, पगार, सगळं त्यांनी एकट्यानं लिहिलेल्या एकाच प्रोग्रामात होतं आणि तो प्रोग्राम एकाच मशीनवर होता. खोलीच्या कोपऱ्यात माणसाच्या उंचीच्या लोखंडी कपाटात ते मशीन दिवसरात्र घरघरत असायचं. संघाचे संचालक बदलले, अध्यक्ष बदलले, ते कपाट हललं नाही.

पण संघ वाढला आणि त्या एकाच प्रोग्रामाचा गुंता झाला. एकदा फॅटच्या तक्त्यात किरकोळ बदल केला, तर गेटवर टँकरचे पास निघेनात. अर्धा दिवस टँकरची रांग हायवेपर्यंत गेली. त्यानंतर मला पुण्याहून बोलावून घेतलं. माझं काम असं, की त्या गुंत्यातून एकेक काम सोडवून त्याची वेगळी सर्व्हिस करायची. एक सर्व्हिस टँकर कुठे आहे तेवढंच सांगणार, दुसरी ड्रायव्हरला निरोप पाठवणार, तिसरी तपासणीचं बघणार. एकीला दुसरीकडून काही हवं असेल तर तिनं रीतसर विचारायचं आणि विचारताना आपली किल्ली दाखवायची. गेटची किल्ली वेगळी, लॅबची वेगळी, प्रत्येक ऑफिसची वेगळी. म्हणजे कोण काय विचारतंय ते कळतं.

टँकरची आणि निरोपाची अशा दोन सर्व्हिस तेव्हा सुरू झाल्या होत्या. सरांनी आपल्या कपाटात त्यांना जागा दिली नाही. म्हणून मी त्या शेजारच्या लॅबमध्ये, तपासणीच्या आम्लाच्या बाटल्या ठेवायच्या फळीवर, एका लहानशा मशीनवर बसवल्या होत्या. त्या खोलीची वीज वेगळी होती आणि बाहेर जाणारी लाइनही वेगळी. सर त्या मशीनला "तुमचा तो टिफिनचा डबा" म्हणायचे.

मी खिडकीतून खाली पाहिलं. गेटच्या बाहेर घोषणा चालल्या होत्या. ती सगळी आमच्याच सभासदांची गर्दी होती. पहिले दोन दिवस त्यांनी टँकर अडवले, व्हॉल्व्ह उघडून दूध रस्त्यावर सोडलं आणि ड्रायव्हरांना चहा पाजून परत पाठवलं. पण आदल्या संध्याकाळपासून दुसरीच माणसं फिरायला लागली होती. मोटारसायकलींवर, तोंडाला रुमाल बांधलेली, हातात गज घेतलेली. ती दूध ओतत नव्हती. ती थेट केबिनच्या काचा फोडत होती. आमचे अध्यक्ष आणि व्यवस्थापक बोलणी करायला मुंबईत बसले होते आणि टँकर आडवाटांनी आणायचं काम सुरक्षा अधिकाऱ्यांवर सोपवून गेले होते.

ते सुरक्षा अधिकारी म्हणजे हिंदुराव चौगुले. फौजेतून निवृत्त झालेले, सगळे त्यांना सुभेदार म्हणायचे. दगड आल्यावर पाचदहा मिनिटांनी त्यांनी आमचं दार लाथेनं उघडलं. त्यांच्या मुठीत एका ड्रायव्हरची कॉलर होती. दस्तगीर नदाफ.

"ड्रायव्हर शिवलिंगचा टँकर पेटवला," सुभेदार म्हणाले. "तो केबिनमध्येच होता. काचेतनं ओढून काढला लोकांनी. दोन्ही हात भाजलेत, तोंड ओळखू येत न्हाई."

सर उभे राहिले. "जिवंत आहे?"

"आहे अजून. पण मला सांगा, त्याला मी आयत्या वेळी स्वतः नाक्यावर उभं राहून कालव्याच्या रस्त्यानं वळवला. कुणाला म्हणून सांगितलं न्हाई. सकाळीच सगळ्या ड्रायव्हरांचे मोबाईल काढून घेतले. तरी ती पोरं कालव्यावर आधीच जाऊन उभी. आणि हा," त्यांनी दस्तगीरला भिंतीवर आपटलं, "हा त्याच रस्त्यानं त्याच्या पुढं आला. टँकरला ओरखडा न्हाई."

"साहेब, मला कसं माहीत असणार..."

सुभेदारांनी त्याला वाक्य पुरं करू दिलं नाही. उलट्या हाताची थप्पड बसली आणि दस्तगीरचं डोकं फायलींच्या रॅकवर आदळलं. मग त्यांनी कमरेचा पट्टा काढला. मी आयुष्यात माणसाला पट्ट्यानं मारताना पाहिलं नव्हतं. आवाज फार मोठा होत नाही. बक्कल लागलं की मात्र वेगळा आवाज येतो. दस्तगीरनं हात वर धरले होते, बक्कल त्याच्या कोपरावर आणि मग ओठावर बसलं. फरशीवर रक्त सांडलं.

"कुणाला कळवलंस? दुसरा मोबाईल कुठं ठेवलायस?"

"माझा भाऊ रस्त्यावर आहे, साहेब." दस्तगीर खाली बसला होता, ओठ फाटल्यामुळे त्याचे शब्द नीट निघत नव्हते. "यासीन. त्यालाबी तुमीच आडवाटेला घातलाय. मी माझ्या भावाचा रस्ता सांगीन का?"

"सुभेदार, पुरे," निलाखे सर म्हणाले. सुभेदारांनी ऐकलं नाही.

मी माझ्या पडद्याकडे वळले, खरं तर मला तिकडे बघवत नव्हतं म्हणून. आणि मग लक्षात आलं, की टँकर कुठे आहे हे माणसांना माहीत नव्हतं, पण माझ्या सर्व्हिसला माहीत होतं. तिला कोणी कोणी विचारलं ते मी काढून पाहिलं. गेटनं विचारलं होतं. लॅबनं विचारलं होतं. आणि एक किल्ली अशी होती, जी शिवलिंगच्या टँकरबद्दल एकसारखी विचारत होती. तो कालव्यावर वळल्यापासून, दर थोड्या वेळानं, तो पेटेपर्यंत. पेटल्यावर तिनं विचारणं थांबवलं होतं. आता ती दुसऱ्या एका टँकरबद्दल विचारत होती.

"सुभेदार, हात थांबवा," मी म्हणाले. "इथून कळतंय. माणसानं सांगितलेलं नाही."

ते धापा टाकत माझ्यामागे येऊन उभे राहिले. मी त्यांना दाखवलं.

"किल्ली कुणाची?"

"उपाध्यक्षांच्या ऑफिसची."

उपाध्यक्ष म्हणजे भाऊसाहेब इंगवले. अध्यक्षांशी त्यांचं उभं वाकडं होतं हे संघातल्या शिपायालाही ठाऊक होतं. आंदोलन चिघळलं, टँकर जळाले, माणूस मेला, की अध्यक्षांना खुर्ची सोडावी लागणार आणि ती कोणाकडे जाणार हेही सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांच्या ऑफिसला टँकर दिसले पाहिजेत असा लेखी हुकूम महिन्यापूर्वी व्यवस्थापकांनीच काढला होता.

"आता कुठला टँकर विचारतेय ती किल्ली?" सरांनी विचारलं.

मी नंबर वाचला. फरशीवरून दस्तगीर म्हणाला, "यासीनचा हाय."

सुभेदारांनी पट्टा पुन्हा कमरेला बांधला. दस्तगीरकडे त्यांनी पाहिलं नाही. "बंद करा ते," ते म्हणाले.

"सगळं बंद केलं तर आपल्यालाही दिसणार नाही आणि यासीनला निरोपही जाणार नाही. मी फक्त ती एक किल्ली बंद करते."

"होतं तसं?"

"होतं."

मी ती बंद केली. काही क्षणांचं काम होतं. निलाखे सर पडद्यावर वाकून बघत होते. "कोणी विचारलं, किती वेळा विचारलं, हे सगळं दिसतं यात?"

"हो, सर."

"माझ्यात दिसत नाही," ते म्हणाले आणि आपल्या खुर्चीवर जाऊन बसले.

पुढचं सुभेदारांनी भराभर ठरवलं. यासीनसकट चार टँकर बाहेर होते. ड्रायव्हरांकडे मोबाईल नव्हते, पण प्रत्येक केबिनमध्ये माझ्या निरोपांसाठी बसवलेला छोटा पडदा होता. चौघांनाही आहे तिथेच शेतात आत घेऊन इंजिन बंद करायला सांगायचं. सुभेदार पोलिसांची गाडी घेऊन निघणार, एकेकाला गाठणार, आणि रस्ता मोकळा दिसला की मला फोन करणार. मग मी ड्रायव्हरला कळवायचं. मी चार निरोप पाठवले. चारही टँकर पडद्यावर थांबलेले दिसले. सुभेदार जिना उतरून गेले. जाताना दस्तगीरला म्हणाले, "तू इथंच बस. तोंड धुऊन घे."

दस्तगीर तोंड धुऊन आला आणि मला म्हणाला, "ताई, माझ्या भावाचा ठिपका कंचा?" मी बोट ठेवून दाखवला. तो खुर्ची असूनही उभाच राहिला.

मग फोन वाजला.

"मगदूम मॅडम, आमच्याकडं टँकर दिसायचे बंद झालेत," भाऊसाहेब इंगवले म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीसारखा गोड होता.

"हो. मी बंद केलेत."

"का म्हणून?"

"तुम्ही जे टँकर बघता ते पेटतात, भाऊसाहेब."

"तू अजून लहान आहेस, पोरी. तुझे वडील आष्ट्याला असतात ना? चालू कर."

"नाही करणार."

"बरं. मीच येतो."

मी फोन ठेवला. सरांनी विचारलं, "काय म्हणाला?" मी सांगितलं. त्यांनी पोलिसांना फोन लावला. तिथे सगळी कुमक हायवेवर गेली होती. गेटवरच्या पहारेकऱ्याला फोन केला, तर तो म्हणाला, उपाध्यक्षांची गाडी मी कशी अडवू? सरांनी आमच्या खोलीचं दार आतून लावलं आणि समोर टेबल ओढलं. दस्तगीरनं त्याला खांदा लावला.

आलेल्यांनी दार तोडलं नाही. बिजागऱ्यांच्या बाजूनं गजानं उचकटलं, सवयीची माणसं असतात तसं. सहा-सात जण होते. तोंडाला रुमाल. त्यांच्या मागून भाऊसाहेब आले, इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत, हातात काही नव्हतं. दस्तगीर टेबलामागून सरकायच्या आत एकानं त्याच्या पोटात गज घातला. तो वाकला तशी दुसऱ्यानं पाठीत घातला. आधीच सुजलेलं त्याचं तोंड फरशीवर आपटलं. मी किंचाळले असणार, कारण कोणीतरी माझे केस मुठीत धरले आणि डोकं कपाटाच्या लोखंडी कडेवर आदळलं. डोळ्यांवर गरम काहीतरी ओघळलं.

"टँकर दाखवणारं मशीन कुठलं?" भाऊसाहेबांनी विचारलं.

केस पुन्हा ओढले गेले.

"कुठलं मशीन? आमाला दिसत न्हाईत ना, मग तुमालाबी दिसायचे न्हाईत," केस धरणारा म्हणाला.

लॅबचं दार माझ्या डाव्या हाताला होतं. तिकडे बघायचं नाही, एवढंच मी स्वतःला सांगत होते. त्या फळीवरचं मशीन गेलं असतं तर चार माणसं शेतांत इंजिन बंद करून बसून राहिली असती आणि त्यांना कोणी काही कळवू शकलं नसतं. किल्ली बंद व्हायच्या आत यासीनचा ठिकाणा या लोकांना कळलेलाच होता. तो तिथून हलायला हवा होता.

"तिला काय विचारता?" निलाखे सर म्हणाले. "ती कालची पोर. हे मशीन." त्यांनी आपल्या कपाटावर हात ठेवला. "संघाचं सगळं यातच आहे. मीच केलंय."

भाऊसाहेबांनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं. "निलाखे, तुम्ही तर या नव्या खुळाच्या विरोधात होता."

"अजून आहे. पण या मशीनला हात लावू देणार नाही." आणि ते कपाटाच्या दाराला पाठ लावून उभे राहिले.

मला वाटलं, ते फक्त दाखवून बाजूला होतील. ते बाजूला झाले नाहीत. पहिला गज त्यांच्या खांद्यावर बसला. ते खाली घसरले, तरी उजव्या हातानं कपाटाची कडी घट्ट धरून ठेवली होती. "सोड, म्हाताऱ्या," गजवाला म्हणाला आणि त्यानं गज त्या हातावरच घातला. कडीवर, बोटांवर, पुन्हा बोटांवर. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. सरांच्या तोंडून शब्द निघाला नाही, नुसती हवा बाहेर पडल्यासारखं झालं. मग हात आपोआप सुटला.

गजवाल्यांनी कपाट आडवं पाडलं. पत्रे उचकटले, आतल्या डिस्क काढून फरशीवर ठेचल्या, तारा उपसल्या. घरघर थांबली. त्या खोलीत इतकी वर्षं कधी न थांबलेला आवाज थांबला आणि गजांचेच आवाज तेवढे राहिले. एकानं माझा पडदा फोडला. दुसऱ्यानं एक डिस्क खिडकीतून खाली भिरकावली. सर भिंतीला टेकून ते सगळं बघत होते, मोडलेला हात पोटाशी धरून.

जाता जाता एकानं लॅबचं दार ढकललं. "हितं काय हाय?"

"तेजाब," सर म्हणाले. "फॅट काढायचं. बाटल्यांच्या बाटल्या आहेत. जा, फोडा."

तो पोरगा दारातूनच मागे फिरला.

भाऊसाहेब निघताना माझ्यासमोर थांबले. "आता नव्यानं शिका," म्हणाले आणि काचांच्या चुऱ्यातून जपून पाय टाकत गेले.

त्यांच्या गाड्यांचा आवाज गेटबाहेर जाईपर्यंत आम्ही कोणी हललो नाही. मग सर म्हणाले, "मॅडम, बसलात काय? तुमचा डबा चालू आहे का बघा."

मी लॅबमध्ये गेले. फळीवर हिरवा दिवा लुकलुकत होता. केमिस्टचा कॉम्प्युटर होता, त्यावर मी टँकर उघडले. चारही ठिपके होते तिथेच होते. कपाळावरचं रक्त डोळ्यांत ओघळत होतं, दस्तगीरनं आपल्या खाकी शर्टाची बाही फाडून माझ्या जखमेवर बांधली. सुभेदारांचा फोन आला. यासीन थांबलाय त्या मळ्याच्या दिशेनं मोटारसायकली निघाल्यात, मागच्या बाजूनं ओढ्याकाठची वाट आहे, ती पोलिसांच्या मैदानापाशी निघते. मी यासीनला लिहिलं, "मागची वाट. ओढा. लगेच निघ." ठिपका हलेना. दस्तगीर माझ्या खांद्यामागे काहीतरी पुटपुटत होता, दुवा मागत असावा. मग ठिपका हलला. नांगरटीतून हळू, मग ओढ्याच्या कडेनं जरा भरभर. थोड्याच वेळात सुभेदारांनी कळवलं की मळ्यात गज घेतलेली वीसेक माणसं पोचलीत आणि तिथे चाकोऱ्यांशिवाय काही नाही.

बाकीचे तिघे एकामागून एक निघाले. दुपारी ऊन ओसरायच्या आत चारही टँकर मैदानात लागले. तोवर दूध नासलं होतं, ते गटारात सोडून दिलं. यासीन टँकरमधून उतरला, तेव्हा दस्तगीरनं आधी त्याला एक ठेवून दिली, वेळेवर हलला नाहीस म्हणून, आणि मग त्याच्या गळ्यात पडून रडला.

भाजल्यानंतर चौथ्या दिवशी शिवलिंग गेला.

मी पोलिसांना जबाब दिला आणि त्यात भाऊसाहेबांचं नाव सांगितलं. दस्तगीरनं सांगितलं, की तो तोंडावर पडला होता, त्याला कोणी दिसलं नाही. मला ते समजण्यासारखं होतं. दोघं भाऊ त्याच संघाची गाडी चालवत होते. पण निलाखे सरांवर माझा भरवसा होता. मी मिरजेच्या दवाखान्यात गेले, तेव्हा त्यांचा हात पिंजऱ्यासारख्या सळ्यांत बांधलेला होता. शेजारी त्यांची मुलगी संमती बसली होती. ती संघाच्या पशुवैद्यकीय विभागात नुकतीच कायम झाली होती.

"सर, तुम्ही काय सांगितलंत?"

"रुमाल बांधलेली माणसं होती. ओळखलं नाही."

"आणि भाऊसाहेब?"

संमती उठून बाहेर गेली.

"सर, तुम्ही त्या कपाटापुढे उभे राहिलात. हात मोडेपर्यंत सोडलं नाहीत. आणि आता नाव घ्यायला घाबरता?"

"मार खायची हिंमत अर्ध्या मिनिटाची लागते, ज्योत्स्ना," ते म्हणाले. पहिल्यांदाच त्यांनी मला नावानं हाक मारली होती. "विचार करायला वेळच नसतो. साक्षीची हिंमत रोज सकाळी उठून नव्यानं आणावी लागते. माझ्याकडे तेवढी नाही. मला पोर आहे."

मी रागानं उठून आले. पुन्हा भेटायला गेले नाही.

वर्षाच्या आत भाऊसाहेब अध्यक्ष झाले. मला कामावरून काढायची त्यांना गरजच पडली नाही, माझं पद बंद झालं. नवलाची गोष्ट म्हणजे सर्व्हिसचं काम त्यांनी थांबवलं नाही. जुनं मशीन तर त्यांनीच फोडलं होतं, दुसरा इलाज नव्हता. पुण्याच्या एका कंपनीनं माझ्याच आराखड्यावर ते पुरं केलं. उद्घाटनाचा फोटो मी वर्तमानपत्रात पाहिला. भाऊसाहेबांच्या गळ्यात हार होता.

खटला उभा राहायला पाच वर्षं गेली. माझी साक्ष सरांच्या आधी झाली, आरोपीच्या वकिलानं मला दोन दिवस उलटंसुलटं विचारलं आणि शेवटी मी नोकरी गेल्याच्या रागानं बोलते आहे असं सुचवून सोडलं. भाऊसाहेबांचं नाव घेणारी मी एकटीच होते. निलाखे सरांची साक्ष ज्या दिवशी होती, त्या दिवशी मी मुद्दाम सांगलीला गेले आणि मागच्या बाकावर बसले. ते काय म्हणणार ते मला माहीत होतं. तरी ते त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं.

ते फार वाळले होते. उजवा हात अर्धवट मिटलेलाच राहिला होता. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं राहून त्यांनी शपथ घेतली. सरकारी वकिलानं, कसलीच आशा नसलेल्या आवाजात, विचारलं, "तुम्हाला कोणी मारलं?"

"मारणाऱ्यांना मी ओळखत नाही. त्यांनी रुमाल बांधले होते."

आरोपींच्या बाकावर भाऊसाहेब आरामात मागे टेकले.

"मग त्यांनी मशीन का फोडलं?"

"टँकर दाखवणारं मशीन कुठलं असं विचारलं, म्हणून मी ते दाखवलं. टँकर त्यात नव्हते. टँकर लॅबमधल्या मशीनवर होते. चार माणसं रस्त्यावर होती."

वकिलानं कागदावरून मान वर केली. "विचारलं कोणी?"

सरांनी आरोपींच्या बाकाकडे मान वळवली. "विचारणाऱ्यानं रुमाल बांधला नव्हता," ते म्हणाले. "भाऊसाहेब इंगवले. ते तिथे बसलेत."

पुढे जे झालं ते मला तुकड्यातुकड्यांतच आठवतं. आरोपीचे वकील उठून ओरडले. मग उलटतपासणीला उभे राहिले. "पोलिसांना हे नाव तुम्ही सांगितलं नव्हतं. बरोबर?"

"बरोबर."

"का?"

"भीती वाटत होती."

"आज वाटत नाही?"

"आजही वाटते."

"म्हणजे तेव्हा पोलिसांशी खोटं बोललात. त्या खोलीतही, तुमच्याच म्हणण्याप्रमाणे, खोटं बोललात. मग आज खरं बोलताय हे कशावरून?"

"खोलीतलं खोटं मी पुन्हा बोलेन," सर म्हणाले. "पोलिसांजवळचं नाही बोलणार."

भाऊसाहेबांना शिक्षा झाली. ती वरच्या कोर्टात अडकली, ते जामिनावर बाहेर आले, आणि अपिलाचा निकाल लागायच्या आत अंथरुणातच वारले. तुरुंगात ते मोजकेच दिवस होते. पण अध्यक्षपद गेलं, आणि शिवलिंगच्या बायकोनं तो निकाल कोर्टात बसून ऐकला.

हे सगळं नंतरचं. त्या दिवशी साक्ष संपल्यावर मी सरांना आवारातल्या लिंबाखाली गाठलं. त्यांच्या कपाळावर घाम होता. मी वाकून नमस्कार केला. पाच वर्षं मनात धरलेला राग कुठे ठेवावा ते कळत नव्हतं.

"सर, संमतीच्या नोकरीचं काय होणार आता?"

"काल राजीनामा दिला तिनं," ते म्हणाले. "मला माहीत नव्हतं. सकाळी मी कपडे करत होतो, तर राजीनाम्याची पोच माझ्या पुढ्यात ठेवली आणि म्हणाली, बाबा, आता माझ्यावर ढकलू नका."

"ती आली नाही?" मी विचारलं.

"कोर्टाच्या गेटपर्यंत तिनंच सोडलं स्कूटरवरून," सर म्हणाले. "आत येत नाही म्हणाली. म्हणाली, तुम्ही काय बोललात ते पेपरात वाचीन."